आधी पिस्टन, मग बोर

अण्णांच्या गाडीची एक वही आहे. हजेरीपटासारखी लांबट, पुठ्ठ्याला खाकी कागद घातलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गुरुजी म्हणून काढलेल्या माणसाची वही जशी असावी तशीच आहे: पट्टीने आखलेले रकाने, तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, कुठल्या पंपावर, आणि शेवटचा रकाना ऑइलचा. १९९८ साली गाडी दारात आली त्या दिवसापासून २०१९ च्या जुलैपर्यंत या शेवटच्या रकान्यात ‘बदलले’ एवढा एकच शब्द ठरावीक अंतराने येतो. त्यानंतर काही महिने पानं कोरी. आणि मग २०२० च्या जानेवारीपासून: ‘ऑइल टाकले, पाव लिटर.’ ‘ऑइल टाकले, अर्धा लिटर.’ ‘टाकले, अर्धा.’ ‘अर्धा.’ अक्षर तेच, पण वाक्यं आखडत गेलेली.

गाडी म्हणजे मारुती ८००, पांढरी, कार्ब्युरेटरवाली. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ती बनवणं थांबवलं. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांत ती पहिली चारचाकी म्हणून आली असेल! कळ्याला गावी जायचं, जोतिबाला खेट्याला जायचं, पावसाळ्यात एकदा गगनबावड्यापर्यंत धुकं बघायला जायचं, सगळं तिच्यातूनच. माझ्या लग्नात मी सासरी गेले तीसुद्धा तिच्यातूनच, अण्णा स्वतः चालवत होते.

२०१९ च्या ऑगस्टमधला तो आठवडा कोल्हापुरात कुणाला सांगावा लागत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी थांबलंच नाही. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. आईची औषधं, घराची कागदपत्रं आणि दोन पिशव्या कपडे घेऊन आम्ही रात्री बाहेर पडलो. गाडी राहिली. परत आलो तेव्हा बॉनेटवर चिखलाची रेघ होती, आणि एअर फिल्टरचं झाकण उघडल्यावर आत नदीचा गाळ.

इंजिन बंद असतं तेव्हा सगळे व्हॉल्व्ह बंद नसतात. ज्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यात पाणी थेट शिरतं. आमच्या तीन सिलिंडरांपैकी तिसऱ्यात शिरलं, आणि गॅरेजवाल्यांच्या रांगेत आमचा नंबर येईपर्यंत महिना गेला. शहरातल्या हजारो गाड्या एकदम बुडालेल्या होत्या. ओतीव लोखंडाच्या भिंतीला महिनाभर गाळाचं पाणी चाटत राहिलं की काय होतं, ते मला माहीत होतं. कारण माझं रोजचं कामच ते आहे. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये मी तपासणी विभागात आहे. ओतकाम येतं, मशीनिंग होतं, आणि माझ्या टेबलावर येऊन मोजलं जातं. मायक्रोमीटर, बोर गेज, डायल. आठ तास शतांश मिलिमीटरांशी बोलायचं.

आणि तरीही अण्णांचं इंजिन पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी ते मोजलं नाही. माझ्या मनाला अजून लागून राहिलेली गोष्ट ही आहे. पुरानंतर घर धुण्यात, भिंती वाळवण्यात, पंचनाम्यात आम्ही सगळे गुंतलो होतो. एका गॅरेजला गाडी दिली. ‘पिस्टनचा सेट टाकलाय, बोर केलाय, आता बघायला नको,’ असं सांगून त्यांनी गाडी परत दिली. पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली धावणारा दट्ट्या, बोर म्हणजे तो ज्यात धावतो ते भोक, आणि बोर करणं म्हणजे ते भोक कापून मोठं करणं. आम्ही पैसे दिले, आभार मानले.

जानेवारीत पन्हाळ्याला निघालो, तर वाघबीळच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर आली. मागे निळसर धूर. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टकटक, पाचेक मिनिटांनी कमी व्हायची. अण्णा म्हणाले, ‘वय झालं तिचं.’ मी काही बोलले नाही. मग लॉकडाऊन आला, गाडी उभी राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी अण्णांनी ती राजारामपुरीत मावशीच्या दारात नेऊन लावली. धूर सोडत गेली, पण गेली. त्या दिवशी मी ठरवलं की हे इंजिन पुन्हा उघडायचं, आणि या वेळी प्रत्येक आकडा स्वतः बघायचा.

शिवाजी उद्यमनगर ज्याला माहीत नाही त्याला कोल्हापूर अर्धंच माहीत आहे, असं मी म्हणेन. अंबाबाई, रंकाळा, तालीम, तांबडा-पांढरा हे सगळं आहेच. पण शहराच्या मधोमध ही जी गल्ल्यांची जाळी आहे, जिथे एका दारात लेथ, दुसऱ्यात पॅटर्नचा सुतार, तिसऱ्यात भट्टी, तिथूनच शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनापासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत सगळं घडत आलंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या वसाहती नंतरच्या. कुलंटचा तो आंबूस वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

तिथल्या एका बोळात फक्त बोरिंग-होनिंगचं, म्हणजे सिलिंडर कापून आणि दगडाने घासून मापाला आणण्याचं, काम करणारे एक मामा आहेत. सत्तरीला आलेले, पांढरा लेंगा, वर बाह्या दुमडलेला शर्ट, कानावर पेन्सिल. आमच्या शॉपमधल्या एका मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाठवलं. इंजिन उतरवून ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला ओतीव ठोकळा, धुऊन त्यांच्याकडे नेला, सोबत निघालेले तीन पिस्टन. मामांनी आधी ब्लॉककडे बघितलंच नाही. पिस्टन उचलला, स्कर्टवरून, म्हणजे त्याच्या खालच्या घेरावरून, अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘ह्यो कुणी टाकला?’

मी नाव सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. पण त्या दिवशी त्या बाकावर जे निघालं ते सांगायलाच हवं.

पहिली गोष्ट बोरची. मारुती ८०० चा मूळ बोर, म्हणजे भोकाचा व्यास, ६८.५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७२. तीन सिलिंडरांचा गुणाकार केला की ७९६ घन सेंटिमीटर येतात आणि तेच पुढे ८०० म्हणून गाडीचं नाव झालं. झिजलेला किंवा गंजलेला सिलिंडर थोडा मोठा करून त्यात थोडा मोठा पिस्टन बसवायचा, याला ओव्हरसाइझ म्हणतात. पाव मिलिमीटरचा एक टप्पा, अर्ध्याचा दुसरा. जुनी माणसं यालाच अजून दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नियम असा की सगळ्यांत खराब सिलिंडर ज्या टप्प्याला स्वच्छ निघेल, तो टप्पा तिघांनाही. आमच्या तिसऱ्या सिलिंडरमधले गंजाचे खड्डे पाव मिलिमीटरात निघणारे नव्हते, कारण पाव मिलिमीटर हा व्यासावरचा आकडा. भिंतीतून निघतं त्याच्या निम्मं, म्हणजे जेमतेम सव्वाशे मायक्रॉन. तेव्हा अर्ध्या मिलिमीटरला जाणं बरोबरच होतं. बोर ६९.००.

पण मामांनी बोर गेज घातलं आणि मला म्हणाले, ‘तूच वाच.’ ६९.०५. वर, मध्ये, खाली, आडवं, उभं, सगळीकडे तेवढंच. म्हणजे झीज नव्हती. कापलाच तेवढा होता. आणि पिस्टन मायक्रोमीटरला लावला तर ६८.९५. दोन्हींमध्ये १० शतांश. अशा छोट्या पेट्रोल इंजिनात ही जागा तीन-चार शतांश असायला हवी. थंडीत होणारी टकटक ती हीच. पिस्टन गरम होऊन फुगेपर्यंत सिलिंडरमध्ये इकडून तिकडे आपटत होता.

असं का होतं, ते मामांनी सांगितलं तेव्हा मला माझाच राग आला, कारण मी हे ओळखायला हवं होतं. पिस्टनच्या डोक्यावर ‘०.५०’ लिहिलेलं असतं. तो आकडा बोरचा असतो. पिस्टन बनवणाऱ्याने आपल्या बाजूने लागणारी फट आधीच सोडलेली असते, म्हणून पिस्टन स्वतः ६९ भरत नाही, ६८.९६ च्या आसपास भरतो. आता बोर करणाऱ्याने पिस्टन न बघता, फक्त चिठ्ठीवर ‘पन्नास’ वाचून, फट आपल्याकडून पुन्हा सोडली, तर ती दुप्पट होते. चूक दोघांच्या मधल्या जागेत होते. ब्लॉक एका दुकानात, पिस्टन दुसऱ्या दुकानात, आणि दोघांची गाठ पडते ती थेट इंजिन बांधताना.

‘ताई, बोर आपल्या हातात हाय,’ मामा म्हणाले. ‘म्हणशील तेवढा करून देतो. पिस्टन बारीक-मोठा करता येतो व्हय? म्हणून आधी पिस्टन. पिस्टन हातात आल्याबिगर मी टूल लावत न्हाई.’

दुसरी गोष्ट जास्त वाईट निघाली. बाहेर काढलेल्या पिस्टनची उंची. पिस्टन निवडताना सगळे व्यासाकडे बघतात. पण पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर, ज्याला कॉम्प्रेशन हाइट म्हणतात, ते तितकंच महत्त्वाचं. अर्धा स्ट्रोक, कनेक्टिंग रॉडची लांबी आणि हे अंतर, या तिघांची बेरीज ब्लॉकच्या उंचीशी जुळायला लागते. रॉड आणि क्रँक तेच ठेवून पिस्टन बदलायचा तर हे अंतर मूळ पिस्टनएवढंच हवं. सुदैवाने अण्णांनी पुरानंतर निघालेले मूळ पिस्टन टाकून दिले नव्हते. एका डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवले होते. तो डबा मी मामांच्या बाकावर उघडला. सरफेस प्लेटवर दोन्ही पिस्टन शेजारी ठेवले, पिनमध्ये घट्ट बसणारी सळई घालून डायलने मोजलं. नवा पिस्टन ०.८ मिलिमीटरने बुटका.

०.८ म्हणजे किती? नखाच्या जाडीपेक्षा फार नाही. पण सिलिंडरच्या क्षेत्रफळाने गुणलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये जवळजवळ ३ घन सेंटिमीटर जादा जागा होते. एका सिलिंडरची फिरती जागा २६५ घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशन नऊला एक धरलं तर वरची बंद जागा ३३ च्या आसपास येते. त्यात ३ वाढले की नऊचे ८.४ होतात. मिश्रण पुरेसं दाबलंच जात नाही, मग वाघबीळला गाडी कशी चढणार? उलट बाजूने पिस्टन ०.८ ने उंच असता, तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक, सुरू झालं असतं, किंवा माथा थेट व्हॉल्व्हला नाही तर हेडला, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाला, जाऊन भिडला असता. त्या मानाने आम्ही थोडक्यात निभावलो.

तो सेट कुठल्या गाडीचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खोक्यावर म्हणे ‘८००’ एवढंच होतं. आणि इथेच मोठी फसगत आहे. ८०० म्हटलं की एकच इंजिन, असं आपण धरतो. पण याच ६८.५ बाय ७२ मापात, याच ७९६ सीसीत, दोन वेगळ्या डोक्यांची इंजिनं आली. एक आमच्यासारखं, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, एकूण सहा. दुसरं बारा व्हॉल्व्हचं, दर सिलिंडरला चार. हेडमधल्या ज्वलनकक्षाचा आकार वेगळा म्हटल्यावर त्याच्यासमोर येणारा पिस्टनचा माथाही त्याला साजेसा हवा. कुठे वाटीसारखा खोलगट, कुठे सपाट, कुठे व्हॉल्व्हसाठी खाचा. व्यास जुळला म्हणून पिस्टन जुळत नाही.

याचं मामांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडलं. जुनी फियाट, म्हणजेच पद्मिनी, तिचा बोर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर, १०८९ सीसी. त्या फियाटला वीस थाऊचा ओव्हरसाइझ पिस्टन टाकला की त्याचा आकडा होतो ६८.५. म्हणजे मारुतीचा स्टँडर्ड! आकड्याने दोघे सख्खे भाऊ. पण दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या काळात, वेगळ्या रॉडसाठी, वेगळ्या हेडसाठी घडलेल्या वस्तू. ‘आकडा बघून सोयरीक जमवायची न्हाई,’ मामा म्हणाले.

आता प्रश्न ब्लॉकचा होता. ६९.०५ च्या पुढे जायला जागा नव्हती, आणि जास्त मोठे पिस्टन शोधत हिंडण्यातही अर्थ नव्हता. गेलेलं लोखंड परत येत नाही. त्यावर एकच इलाज होता, स्लीव्ह. ब्लॉकचं भोक मुद्दाम मोठं करून त्यात ओतीव लोखंडाची पातळ नळी प्रेसवर दाबून बसवायची, वरचा काठ ब्लॉकशी सपाट करायचा, आणि ती नळी आतून पुन्हा मूळ मापाला कापायची. तिन्हींना स्लीव्ह. खर्च वाढला, पण त्यामुळे आम्ही ६८.५० वर, म्हणजे गाडी १९९८ साली जिथे होती तिथे परत जाणार होतो. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे पुढच्या दोन साइझ पुन्हा शिल्लक राहिल्या म्हण की.’ गाडी आणखी किती वर्षं चालवायची आहे, ते मला त्यातून कळलं.

पिस्टन शोधायला मला तीन शनिवार लागले. इंजिनाचा नंबर, गाडीचं साल आणि मूळ पिस्टन पिशवीत घेऊनच मी दुकानांत जायचे. आपल्या देशात पिस्टन चांगले बनतात. चेन्नईला, गाझियाबादला जुने मोठे कारखाने आहेत, आणि मोटार कंपन्यांना पुरवणारे हेच लोक सुट्या भागांच्या बाजारातही माल देतात. त्यामुळे प्रश्न ‘कुठल्या कंपनीचा’ हा नव्हता. प्रश्न होता, या खोक्यातली वस्तू माझ्या पिशवीतल्या वस्तूशी जुळते का. एका दुकानदाराने खोकं फोडून द्यायला नकार दिला. तिथे मी थांबले नाही. दुसऱ्याने स्वतःहून व्हर्निअर काढून दिलं आणि काउंटरवर जागा करून दिली. पिस्टन घ्यायचा तर अशा दुकानातच घ्यावा.

काउंटरवर मी काय काय ताडून बघितलं? माथ्याचा आकार, मूळच्या शेजारी धरून. पिनचा व्यास, आणि पिन कशी अडकते ते. काही इंजिनांत पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली असते, काहींत मोकळी फिरते आणि दोन्ही बाजूंना लॉक असतात. आपल्या रॉडला जी पद्धत, तीच नव्या पिस्टनला हवी. पिस्टनभोवती बसणाऱ्या रिंगांच्या खाचांची रुंदी. हल्ली घर्षण कमी व्हावं म्हणून रिंगा पातळ होत चालल्यात, त्यामुळे नव्या धर्तीचा पिस्टन आणि जुन्या मापाच्या रिंगा असं लग्न लागू शकतं. पिनचं भोक अगदी मध्यात आहे की किंचित एका बाजूला, हेही बघायचं. ते मुद्दाम किंचित सरकवलेलं असतं, पिस्टन वर पोचून दिशा बदलताना आपटू नये म्हणून. म्हणूनच माथ्यावर बाण असतो आणि तो पुलीच्या बाजूला ठेवून पिस्टन बसवायचा असतो. बाण उलटा गेला तर इंजिन चालतं, पण आवाज करत चालतं.

तिसऱ्या शनिवारी हवा तो सेट मिळाला. कॉम्प्रेशन हाइट मूळच्या बरोबर. आनंदाने मी तो तसाच हातात घेऊन मामांकडे गेले आणि मायक्रोमीटर मागितला. मामांनी दिला नाही.

‘राहू दे हितंच. उद्या सकाळी ये.’

ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतं. ६८.५ मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांनी गरम झाला की सव्वा-दीड शतांश वाढतो, म्हणजे ज्या चार शतांशांसाठी एवढा आटापिटा, त्याचा तिसरा हिस्सा. दुपारच्या उन्हातून, पर्समधून, हातातून आलेला पिस्टन आणि सावलीत पडलेला ब्लॉक यांची मापं एकमेकांना लावायची नसतात. दोघांनी एक रात्र एका छताखाली काढायला हवी. आमच्या तपासणी खोलीत एसी आहे, वीस अंशांवर सगळं आपोआप होतं. मामांच्या बोळात हे ध्यानात ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेले. डिसेंबरातली थंडी, बोळात अजून चहाची किटली फिरत होती. पिस्टन फडक्यात धरून मी मोजायला बसले. पिस्टन वरून गोल दिसतो, पण तो गोल नसतोच. पिनच्या दिशेला तो अरुंद असतो, पिनच्या आडव्या दिशेला रुंद. कारण पिनच्या बाजूला धातू जास्त, तिकडे तो जास्त फुगतो. वरही तो बारीक असतो, कारण माथा आगीला तोंड देतो. थंडपणी तो असा वाकडातिकडा घडवलेला असतो तो गरमपणी गोल व्हावा म्हणून. त्यामुळे त्याचं माप एकाच ठिकाणी घ्यायचं: स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर. मी मायक्रोमीटर किंचित पुढेमागे डोलवत सर्वांत मोठा आकडा शोधत होते. ६८.४६२. दुसरा ६८.४६४. तिसरा ६८.४५९. मामांनी कानावरची पेन्सिल काढून ब्लॉकवर प्रत्येक भोकाशेजारी ते आकडे लिहिले, आणि पिस्टनच्या आत १, २, ३.

तिथून पुढे प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनसाठी कापला गेला. बोरिंगला दोन-तीन शतांश कमी ठेवून उरलेलं होनिंगने, मध्येमध्ये थांबून, ब्लॉक निवू देत. होनिंगचे दगड वरखाली फिरतात तेव्हा भिंतीवर जाळीसारखे तिरके ओरखडे उमटतात. ते मुद्दाम ठेवायचे असतात, ऑइल त्यांत धरून राहतं. मामांनी बॅटरी आत धरून मला ती जाळी दाखवली, आणि मग ब्लॉकवर एक ओलं फडकं टाकून हात धुवायला गेले. एवढं सुंदर काम इंजिन बांधल्यावर कुणाच्याच नजरेला पडत नाही.

मधल्या काळात मी पिस्टन गुजरीत नेले होते. वजनासाठी. तीन सिलिंडरांच्या इंजिनात तिन्ही पिस्टनचं वजन सारखं हवं, नाही तर थरथर वाढते. आमच्या शॉपमधला काटा मोठा, किलोंचा. गुजरीत एका ओळखीच्या सराफकाकांकडे गेले, सांगितलं की काका, हे मोजायचंय. त्यांनी काही विचारलं नाही. काट्यावरची मखमल बाजूला केली, खाली कागद घातला आणि एकेक पिस्टन असा अलगद ठेवला जसा कुणाचा मोहनमाळेचा डबा असावा. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांच्यात ७ ग्रॅमचा फरक. काकांनी तिन्ही वजनं आपल्या पावतीच्या कागदावर लिहून दिली. मामांनी जड पिस्टनच्या आतल्या बाजूने, जिथे ताकद लागत नाही तिथून, थोडा थोडा धातू काढला. दोनदा पुन्हा गुजरीत जाऊन आले. शेवटी फरक २ ग्रॅमच्या आत आला.

रिंगांचं एक सांगते आणि बांधणीकडे वळते. रिंग खोक्यातून काढून थेट पिस्टनवर चढवायची नाही. आधी ती ज्या सिलिंडरची, त्यात सरकवायची, पिस्टन उलटा धरून त्याने ढकलून सरळ करायची, आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने बघायची. आमच्या मापाच्या बोरला ही फट २० ते २८ शतांशांच्या आसपास चालते. फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते. आमच्या दोन रिंगा कमी भरल्या, त्यांची टोकं कानशीने हलकेच घासली. हे करायला अर्धा दिवस गेला. पहिल्या वेळी हा अर्धा दिवस कुणीच दिलेला नव्हता.

इंजिन बांधलं आमच्याच मिस्त्रींनी, माझ्यासमोर. बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप सगळं नवीन. क्रँक ठीक होता. हेड फेसिंग करून घेतलं. दोन दिवस गेले, विशेष काही घडलं नाही.

अण्णांना सुरू करायच्या दिवशी बोलावलं. ते रिक्षाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत. मिस्त्रींनी प्लग काढून ठेवून आधी स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले आणि किल्ली अण्णांकडे दिली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलं. थोडा धूर आला, बांधताना लावलेल्या ऑइलचा, आणि दोन मिनिटांत सरला. अण्णा बॉनेटजवळ कान नेऊन उभे होते. थंड इंजिन, टकटक नाही. ते काही बोलले नाहीत. मामाही आले होते, बोळातून चालत. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, मग तो उलटा करून बघितला आणि लेंग्याला पुसला. डाग नव्हता.

‘गुरुजी, हजार किलोमीटर जपून,’ मामा म्हणाले. ‘एकाच स्पीडनं लांब पळवू नका, चढाला वरच्या गिअरवर रेटू नका. रिंगा अजून भिंतीशी ओळख करून घ्यायच्यात.’

‘व्हय,’ अण्णा म्हणाले, आणि हे त्यांनी तिथेच बॉनेटवर वही ठेवून लिहून घेतलं.

पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं, हजाराला पुन्हा. मार्चमध्ये आम्ही पन्हाळ्याला गेलो. मी पुढे बसले होते, आई मागे. वाघबीळला अण्णांनी सवयीने गिअरच्या दांड्यावर हात नेला आणि तसाच ठेवला. गाडी तिसऱ्यावरच चढली. वर तीन दरवाजाजवळ सावलीत गाडी लावली, आईने डबा उघडला. इंजिन थोडं निवल्यावर अण्णांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली, आणि उजेडात धरून बराच वेळ बघितली.

मग वही काढली. तारीख, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात पूर्ण वाक्य: ‘ऑइल पाहिले. टाकावे लागले नाही.’